‘ज्येष्ठ’ या शब्दाची ठेच: धर्मशिक्षणाच्या नव्या शिक्षकांसाठी

वसईत धर्मशिक्षणाचा वर्ग पहिल्यांदाच घेणार असाल, तर ख्रिस्ताच्या अनादित्वाचा पाठ गोठ्यापासून सुरू करू नका. तसं केलं की ख्रिस्ताचा आरंभ बेथलेहेमात झाला हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि मग ते पुसता पुसलं जात नाही. नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचतात, दिवसाच्या मिस्साला योहानाच्या शुभवर्तमानातलं 1:1-18. तुम्ही योहान आधी घ्या. ‘प्रारंभी शब्द होता’ (शब्द म्हणजे इथे ख्रिस्त), आणि चौदाव्या वचनात ‘शब्द देही झाला’. होता आणि झाला, या दोन क्रियापदांखाली फळ्यावर रेघ मारा.

खरी ठेच लागते ती बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रात, ख्रिस्ताविषयीच्या 1:15 या वचनाला: ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’. आपल्याकडे ज्येष्ठ म्हणजे थोरला. त्यामुळे एखादं हुशार पोर विचारतंच, ‘मग देवानं त्याला सगळ्यांच्या आधी बनवलं का?’ इथे ‘हे गूढ आहे’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. चौथ्या शतकात आरियस नावाचा धर्मगुरू हेच म्हणत होता, की पुत्र नव्हता अशीही एक वेळ होती. स्तोत्र 89:27 उघडा. तिथे देव दाविदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाच्या आठ मुलांत सर्वांत धाकटा. म्हणजे ज्येष्ठपण हा वारसाचा मान झाला, जन्माचा क्रम नव्हे. मग न थांबता कलस्सै 1:16 आणि 17 वाचा: सर्व काही त्याच्याद्वारे निर्माण झालं, तो सर्वांच्या पूर्वीचा. निर्माण झालेलं सगळंच त्याच्याद्वारे झालं, तर तो स्वतः त्यात कसा मोडेल? पंधरावं वचन एकटं वाचून पुस्तक मिटलं, की घोटाळा झालाच म्हणून समजा.

पाणी-बर्फ-वाफेचा दृष्टान्त सोपा वाटतो, पण देऊ नका; त्यात पिता आणि पुत्र एकच व्यक्ती ठरतात. त्यापेक्षा आरियसचं म्हणणं नाकारणाऱ्या निकेयाच्या 325 च्या बिशपांच्या परिषदेचे शब्द धरा: ‘प्रकाशापासून प्रकाश’. वर्गात समई लावा. ज्योत आधी आणि उजेड नंतर, असं होत नाही. मात्र ज्योतीला आरंभ असतो, पित्याला नाही, हे लगोलग सांगा.

पहिल्या वर्षी अडखळलात तरी घाबरू नका. निकेयानंतरही बिशपांमधला वाद धुमसतच होता, 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पुन्हा परिषद भरवावी लागली.

ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवतात ती मोठी मेणबत्ती फादरांना विचारून मुलांना जवळून दाखवा. मधे क्रूस, वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, म्हणजे ख्रिस्तच आदी आणि अंत), आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे. ते आकडे मुलांनाच वाचू द्या.