घोड्याची मालिश : हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर

घोड्याला मालिश करायची म्हणजे तेलाची बाटली घेऊन थेट पाठीकडे वळायचे, असा समज अजूनही पुष्कळ तबेल्यांत आहे. प्रत्यक्षात पहिली दहा मिनिटे घोड्याला हात न लावता नुसते त्याच्याकडे बघावे. सपाट जमिनीवर तो पुढच्या दोन्ही पायांवर सारखा भार देतो का, मागचा एकच पाय सतत सैल सोडतो की दोन्ही आलटूनपालटून, मागे उभे राहून पाहिले असता दोन्ही पुठ्ठ्यांची (मागच्या मांसल भागांची) गोलाई सारखी दिसते का, हे नीट न्याहाळावे. मग त्याला पंधरावीस पावले चालवून परत आणावे आणि दोन्ही बाजूंनी पाऊल सारखे लांब पडते का, तेही पाहावे. समग्र मालिश हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो; माझ्या मते त्याचा अर्थ इतकाच की स्नायू, खोगीर, नाल, चंदी (दाणावैरण), काम आणि विश्रांती यांचा एकत्र विचार करायचा.

हे मी चुकून शिकलो. माझ्या पहिल्या घोडीच्या पाठीला डाव्या बाजूला बोट लागले की ती कातडी थरथरवत असे आणि पाठ खाली दाबून घेत असे. आठवडाभर मी त्याच जागी अंगठ्याने जोर लावत राहिलो आणि शेवटी तिने मागचा पाय उचलून मला समज दिली. तबेल्यातल्या एका जुन्या मोतद्दारांनी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांनी, नमदा (खोगिराखालची जाड गादी) उलटा करून त्यावरून हात फिरवला, तेव्हा शिवणीत बोरीच्या बीएवढी दोऱ्याची गाठ सापडली. ती कापली, घोडीला काही दिवस खोगिराशिवाय ठेवले आणि दुखणे गेले. म्हणून मालिशीआधी नमदा, खोगीर आणि तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) यांच्या आतल्या बाजूने तळवा फिरवून पाहावा. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके उगवलेले दिसले, तर तिथे पूर्वी खोगीर लागले होते असे बहुतेक वेळा समजावे.

काही अवस्थांत मालिश करूच नये. ताप, उघडी जखम, गरम लागणारी सूज किंवा नव्याने आलेले लंगडेपण असेल, तर हात आवरावा आणि पशुवैद्यांना बोलवावे. मेहनतीनंतर पुठ्ठे दगडासारखे घट्ट झाले, घाम थांबेना आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंना गंभीर इजा झालेली असू शकते. अशा घोड्याला चोळू नये आणि चालवूही नये. अंगावर फुटणाऱ्या गाठी आणि नाकातून चिकट स्राव दिसला, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्यावी, कारण तो रोग माणसालाही होतो. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रपेट मारून आलेला घोडा या आकड्यांवर उतरल्याशिवाय काम सुरू करू नये.

जागा ओळखीची आणि न घसरणारी असावी. घोडा आखूड बांधून ठेवण्यापेक्षा मोहरकीची (तोंडावरच्या पट्ट्याची) दोरी माहितीच्या माणसाच्या हातात सैल असलेली बरी, कारण मान खाली सोडायला मोकळीक मिळाली नाही तर तो अंगही सैल सोडत नाही. आधी खरारा करून धूळ काढावी. वाळलेल्या घामावर चोळल्यास कातडी सोलवटते. तेल मी खोगिराच्या जागी वापरत नाही, कारण त्यावर धूळ बसते आणि नमद्याखाली ती घासते. शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याला झोंबणारे मलम लावण्याआधी त्यातले घटक पशुवैद्यांना दाखवावेत. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये काही घोड्यांच्या तपासणीत मिरचीतले कॅप्सेसिन आढळले आणि त्यांना स्पर्धेबाहेर राहावे लागले.

सुरुवात मानेपासून करावी. बाजूला, खांद्याच्या रेषेत उभे राहून एक हात कायम अंगावर ठेवावा, म्हणजे दुसरा हात लागला की घोडा दचकत नाही. पूर्ण तळव्याने, केसांच्या दिशेने, कानामागून खांद्यापर्यंत तीनचार सावकाश फेरे मारले की कुठे उष्णता आहे, कुठे दोरीसारखा ताण आहे, हे हाताला कळू लागते. ताठ जागी तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने हळूहळू दाब वाढवावा, तीनचार श्वास थांबावे आणि तितक्याच हळू सोडावा.

खांद्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. घोड्याला हासळीचे हाड (गळ्याखालचे, खांद्याला छातीशी जोडणारे) नसते. पुढचे पाय धडाला केवळ स्नायू आणि त्यांच्या बंधांनी जोडलेले असतात, आणि शरीराचा सुमारे ६० टक्के भार याच पायांवर असतो. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी असल्याने घोडे दिवसभर माणसे घेऊन चढउतार करतात, तिथे उताराचा ताण खांद्यावर आणि चढाचा पुठ्ठ्यांवर येतो. खांद्याच्या हाडामागे आणि कोपरामागे तंग बसतो त्या पट्ट्यात सैल मुठीने गोलाकार दाबावे. पाठीच्या कण्यावर कधीही थेट दाब देऊ नये. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड स्नायूंवरच तळवा चालवावा. पुठ्ठ्यांवर अधिक जोर चालतो, मात्र उभे राहायचे ते मागे नाही, बाजूला आणि अंगाला चिकटून. गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नसतातच, नुसत्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, असतात. तिथे मळणे टाळून फक्त हात फिरवून सूज आणि उष्णता तपासावी.

दाब किती, याचे उत्तर घोडा देतो. पापण्या जड होणे, खालचा ओठ लोंबणे, जिभल्या चाटणे, फुरफुरून मोठा श्वास सोडणे ही चांगली लक्षणे आहेत आणि ती दिसली की तिथेच क्षणभर थांबावे. कान मागे पाडणे, शेपूट झटकणे, पाठ खचवणे किंवा अंग काढून घेणे म्हणजे स्पष्ट नकार. अशा वेळी दाब निम्मा करावा किंवा दुसरीकडे वळावे. दाताला दात लावून सहन करणारे घोडेही असतात, आणि नवख्याला तेच शांत वाटतात, म्हणून डोळ्यांवरची नजर हलू देऊ नये.

अंग सैल झाल्यावर गाजराचा तुकडा दाखवून मान एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बरगडीकडे वळवून घ्यावी, दरवेळी पाचेक सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. मान हाताने ओढू नये. सर्व मिळून अर्धा-पाऊण तास पुरतो. नंतर दहा मिनिटे हातात धरून चालवावे, पाणी दाखवावे आणि त्या दिवशी खोगीर चढवू नये. दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर खोगीर उतरवताना पाठीवरच्या घामाचा ठसा पाहावा. ओल्या पाठीवर एखादा कोरडा चट्टा राहिला असेल, तर पुढच्या मालिशीआधी खोगीर दुरुस्त करणाऱ्याकडे जावे.