वेब स्टँडर्ड्स डेव्हलपरच्या गळी उतरवताना या चुका टाळा

एकाच कंपनीत डॉटनेटवाले, जावावाले, पीएचपीवाले आणि रिॲक्टवाले असतात आणि ‘सगळ्यांकडून वेब स्टँडर्ड्स पाळून घ्या’ हे काम कुणातरी एकाच्या गळ्यात पडतं. वेब स्टँडर्ड्स म्हणजे पानं कुठल्याही ब्राउझरमध्ये आणि दिव्यांगांनाही नीट वापरता यावीत म्हणून ठरलेले नियम. हे काम मी बरीच वर्षं करतेय. ‘डेव्हलपर ऐकतच नाहीत’ ही तक्रार मला आता पटत नाही. बहुतेक वेळा सांगण्याची रीतच चुकलेली असते, आणि चुकाही ठरलेल्याच.

व्हॅलिडेटरचा रिपोर्ट मेलवर पाठवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. नवा उत्साही माणूस येतो, साइटची पानं व्हॅलिडेटरमधून, म्हणजे कोड नियमांप्रमाणे आहे का ते तपासणाऱ्या टूलमधून, काढतो आणि चुकांची लांबलचक यादी सगळ्या लीड्सना पाठवतो, वर मॅनेजरना सीसीत ठेवतो. आपलं काम चारचौघांत उघडं पाडलं की कुणीही आधी स्वतःचा बचाव करणार. चूक दुरुस्त करायचं राहूनच जातं.

पुण्यातल्या एका कंपनीत जुन्या एएसपी डॉटनेट वेब फॉर्म्सवर चालणारं अर्ज भरायचं ॲप होतं. स्टँडर्ड्सचं बघणाऱ्या मुलाने मेल टाकला: एकाही फील्डला लेबल नाही. डॉटनेटच्या लीडने उलट टपाली उत्तर दिलं: प्रत्येक फील्डला लेबल आहे, कोड उघडून बघ. कित्येक दिवस हेच चाललं, मीटिंगमध्ये आवाज चढले. शेवटी मी दोघांना एका स्क्रीनसमोर बसवलं, तेव्हा कळलं की दोघंही खरंच बोलत होते. वेब फॉर्म्समध्ये लेबल कंट्रोल टाकला, पण त्याची ‘असोसिएटेड कंट्रोल आयडी’ ही प्रॉपर्टी भरली नाही, तर ब्राउझरपर्यंत नुसता स्पॅन, म्हणजे कुठल्याही फील्डशी न जोडलेला मजकूर, पोचतो. ती भरली की त्याच कंट्रोलमधून खरा लेबल टॅग बाहेर पडतो, तो कुठल्या फील्डचा ते सांगणाऱ्या ‘फॉर’सकट.

लीडने एका फील्डला ती भरली, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (अंधांसाठी स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू केला आणि टॅब दाबला. आधी नुसतं ‘एडिट’ म्हणणारा स्क्रीन रीडर ‘अर्जदाराचं नाव’ वाचायला लागला. त्याने पुन्हा टॅब मागेपुढे करून ऐकलं. मग कुणी न सांगता पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधून बाकीची लेबलं त्यानेच जोडली.

म्हणून कुठल्याही टीमकडे जाण्याआधी, मला हवी असलेली गोष्ट त्यांच्या प्लॅटफॉर्मवर कशी लिहितात ते मी शोधून ठेवते. जावाच्या जेएसएफमध्ये आउटपुट टेक्स्टच्या जागी आउटपुट लेबल. रिॲक्टमध्ये ‘फॉर’च्या जागी ‘एचटीएमएल फॉर’. पायथनच्या जँगोचा फॉर्म लेबल स्वतःच बनवून देतो, पण फील्ड हाताने मांडताना टीमने ते गाळलेलं असतं. एवढं वाचायचा धीर नसेल, तर दुसऱ्याच्या कोडबद्दल मत द्यायला जाऊ नये.

‘डब्ल्यूथ्रीसीने सांगितलंय’ एवढंच कारण देणं

वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं नुसतं नाव कुणालाही हलवत नाही. माउस बाजूला ठेवा आणि त्यांचाच फॉर्म त्यांना कीबोर्डवर भरायला सांगा.

डिव्हला रोल चिकटवून बटन म्हणणं

डिव्ह म्हणजे पानावरचा नुसता रिकामा डबा, आणि रोल म्हणजे ‘हे बटन आहे’ असं स्क्रीन रीडरला सांगणारी खूण. या शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे. रोल लावल्याने स्क्रीन रीडर त्याला बटन म्हणतो, बस. टॅबने फोकस येणं, एंटर आणि स्पेस दोन्हींनी चालणं, डिसेबल होणं, हे सगळं हाताने लिहावं लागतं, आणि स्पेस हमखास राहून जातो. एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा, हा तर आरियाचा, म्हणजे रोलसारख्या खुणांच्या नियमावलीचा, पहिलाच नियम.

पण डेव्हलपर डिव्हकडे का पळतात तेही समजून घ्या. फॉर्मच्या आतल्या बटनाचा टाइप दिला नाही, तर ते सबमिट बटन धरलं जातं. ‘आणखी एक ओळ जोडा’वर क्लिक केलं की फॉर्मच सबमिट होतो, म्हणून वैतागून डिव्ह येतो. टाइप ‘बटन’ द्या, प्रश्न मिटतो. तुम्ही हे आधीच सांगितलंत तर पुढचं सगळं ते ऐकून घेतात. बटनाचं रूप आवडत नसेल तर ते सीएसएसचं काम.

माणसांच्या मागे लागणं आणि टूल तसंच ठेवणं

१९९८ मध्ये सुरू झालेल्या वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने आधी ब्राउझर बनवणाऱ्यांवर दबाव आणला. मग २००१ मध्ये ड्रीमवीव्हर या वेबपानं बनवायच्या टूलसाठी वेगळा गट नेमून तो ते बनवणाऱ्या मॅक्रोमीडियाबरोबर कामाला बसवला, कारण असंख्य पानांचं मार्कअप ते टूलच लिहीत होतं. टूल सुधारलं की ते वापरणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. २०१३ मध्ये तो प्रकल्प बंद झाला, पण ही युक्ती मी आजही वापरते. टीमचं सामाईक कंपोनंट, मास्टर पेज, कोड जनरेटर, जे असेल ते आधी दुरुस्त करते. प्रत्येक स्क्रीनवर स्वतंत्र टिकट टाकणं म्हणजे सगळ्यांचाच वेळ घालवणं.

कायद्याची भीती डेव्हलपरला घालणं

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं राज्यघटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खाली आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल मॅनेजरसमोर ठेवा. वेळ मंजूर करणं त्यांच्या हातात असतं.

मराठी पानावर लँग ‘ईएन’ ठेवणं

लँग म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण. टेम्प्लेट कॉपी करताना ती इंग्रजीच राहून जाते. ‘एमआर’ करा. डब्ल्यूसीएजी या, दिव्यांगांना वेब वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीतल्या सगळ्यात खालच्या, ए पातळीवरची ही अट आहे.

पानावर यूटीएफ-८ लिहिलं की झालं, असं समजणं

यूटीएफ-८ मुळे पानावर मराठी अक्षरं नीट दिसतात, पण एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधला कॉलम नेहमीच्या कोलेशनचा (अक्षरं ठेवायच्या सेटिंगचा) व्हारचार प्रकारचा असेल तर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हंच उरतात. एनव्हारचार करा आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुरापुढे एन लावा.

पहिल्याच दिवशी बिल्ड अडवणं

घाईवाल्यांची ही आवडती चूक. बिल्ड म्हणजे कोडमधून ॲप तयार होणं. तपासणीचे सगळे नियम ‘एरर’वर, म्हणजे चूक दिसताच बिल्ड थांबेल असे, टाकले की रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी अख्खी तपासणीच बंद करतो आणि ती पुन्हा चालू होत नाही. जुन्या चुका मी वॉर्निंगवर ठेवते, नव्या कोडलाच अडवते. सुरुवात लेबल आणि इमेजचा आल्ट (चित्राचं लेखी वर्णन) या दोनच नियमांनी. ते अंगवळणी पडले की टीमला विचारूनच तिसरा घालते.