पद्मिनीचा खुळखुळणारा गिअर दांडा कसा दुरुस्त कराल

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात सिग्नल सुटतो, पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो आणि गाडी धडधडत बंद होते. स्टिअरिंगला गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांना हे ओळखीचं असेल. म्हणून लगेच गिअरबॉक्स उघडू नका. दोष बहुतेकदा बाहेर असतो. स्टिअरिंग कॉलमच्या तळापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉडच्या सांध्यांत बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या असतात, त्या झिजतात. एकेका सांध्यातला अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, साठत जातो आणि दांड्याच्या मुठीपाशी चांगला बोटभर जाणवतो.

आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. तेव्हा अलगद पडतात आणि चालू इंजिनावर करकरतात, तर आधी क्लच तपासा; तो पूर्ण सुटत नसावा. बंद गाडीतही गिअर शोधावा लागत असेल, तर पुढे वाचा.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड हवेतच. घरातल्या कुणाला दांडा हलवायला बसवा आणि टॉर्च घेऊन एकेक सांधा बघा. एक बाजू हलली आणि दुसरी उशिरा हलली, की तोच सांधा झिजलेला. हे काम सावकाश करा, पुढची सगळी मेहनत यावरच अवलंबून आहे.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि रॉडवर नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवा. कॉटर पिन (सांधा सुटू नये म्हणून घातलेली, टोकं दुमडलेली पिन) काढा, जुनं ग्रीस रॉकेलने धुवा आणि भोक नीट पाहा. ते लंबगोल झालं असेल तर नुसता नवा बुश टिकणार नाही. आधी वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करून घ्या. बुश घ्यायला नाना पेठेत जाताना जुना सोबत न्या. नाहीच मिळाला, तर लेथवाल्याकडून पितळी करून घ्या. माझ्या मते तो जास्त टिकतो, फक्त ग्रीस विसरू नका.

जोडताना दांडा आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलला ठेवा. रॉडचं टोक जोर न लावता पिनवर बसलं पाहिजे. ओढावं लागलं तर नट फिरवून लांबी जुळवा. कॉटर पिन नवीच घाला. रिव्हर्ससकट सगळे गिअर बंद गाडीत टाकून पाहा, मगच रस्त्यावर काढा. आठवड्याने पुन्हा खाली वाकून नट तपासा.