मचाणावरच्या नऊ दिवसांची तयारी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला बंदुकीचा हरीण-हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. मोजून नऊ दिवस. मी मॅडिसनला नवा होतो तेव्हा या आठवड्यात ऑफिसातल्या इतक्या खुर्च्या रिकाम्या का, हेच कळायचं नाही. आता माझीही रिकामी असते. इथल्या मराठी मंडळातल्या चार-पाच जणांनी मध्यंतरी विचारलं, पहिल्यांदा जायचं तर काय काय घ्यायचं? बूट, जाकीट, दुर्बीण ही यादी दुकानातला पोरगाही सांगेल. माझी यादी वेगळ्या सामानाची आहे. माझे दोन हंगाम वाया गेले तेव्हा सॅकमध्ये सगळं होतं, डोकं तेवढं ठिकाणावर नव्हतं.

पहिली गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहायची, ती म्हणजे हिशेब. इथे दरवर्षी बंदुकीचा हरीण-परवाना घेणारे साधारण साडेपाच लाख. २०२३ च्या नऊ दिवसांत मारली गेलेली हरणं पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यातही काहींनी दोन-दोन मारली असणार. म्हणजे तिघांतले किमान दोघे हात हलवत घरी गेले. हा आकडा मला पहिल्या वर्षी कुणी सांगितला असता तर सोमवारपासून मी स्वतःला नालायक समजत बसलो नसतो. मचाणावर पाचव्या दिवशी ‘आपल्यालाच जमत नाही’ असं वाटायला लागलं की वही उघडायची.

ऑगस्टपर्यंत कागदपत्रं उरकून टाका. कागद अर्धवट असले की ती धाकधूक थेट जंगलापर्यंत सोबत येते. आपल्या लोकांसाठी यातली महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातल्या अपवादांपैकी एक. तेव्हा मित्राची बंदूक ‘जरा बघू’ म्हणून हातात घेण्याआधी परवाना आणि वकिलाचा सल्ला, दोन्ही पदरात असू द्या. शिवाय १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सहसा शिकारी-शिक्षणाचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. माझ्या वर्गात बारा वर्षांची पोरं होती आणि त्यांच्यात चाळिशीचा मी. लाज वाटली, पण चार नियम तिथेच डोक्यात कोरले गेले: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजून वागायचं, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, आपण कशावर नेम धरलाय आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री, आणि बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. पुढे सगळ्यात जास्त कामाला आला तो तिसरा.

सप्टेंबरमध्ये घरच्यांशी बोलून घ्या. हा मुद्दा कुठल्याच दुकानाच्या यादीत नसतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की खटला, तुरुंग आणि पेपरातले मथळे एवढंच आठवतं. माझी आई फोनवर म्हणाली, “अरे, मुकं जनावर ते. तुला खायला मिळत नाही का तिकडे?” मी तिला हरणांची संख्या, गाड्यांना होणारे अपघात, शेतकऱ्यांचं नुकसान, सगळं ऐकवलं. ती म्हणाली, “बरं,” आणि विषय बदलला. तो ‘बरं’ पहाटे साडेसहाला मचाणावर ऐकू येतो. म्हणून स्वतःपुरतं उत्तर आधी ठरवून ठेवा, आणि ते साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. माझं इतकंच आहे: मी मटण खातो, आणि वर्षातून एकदा तरी ते कुठून येतं हे स्वतः बघावं असं मला वाटतं. तुमचं उत्तर वेगळं असेल. उत्तरच नसेल तर या वर्षी नुसते कुणाच्या तरी सोबत जाऊन बसा. त्यात कमीपणा नाही.

ऑक्टोबर नेमबाजीच्या सरावाचा. टेबलावर वाळूच्या पिशवीत बंदूक टेकवून शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत मारल्या की छाती फुगते, पण मचाणावर ना टेबल असतं ना पिशवी. बंदूक टेबलावर जुळवून घ्या आणि मग उठा. खुर्चीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, जाडजूड जाकीट आणि हातमोजे घालून मारा. आठ इंची कागदी ताटली लावायची, पन्नास यार्डांपासून सुरुवात करायची. ज्या अंतरावर एक गोळी ताटलीबाहेर जायला लागली, त्याच्या अलीकडचं अंतर ते आपलं. माझं ऐंशी यार्ड आलं. शेजारच्या आजोबांचं दीडशे. ते साठ वर्षं शिकार करतायत, मी सहा. ऐंशीचा आकडा वहीत लिहिला आणि गंमत म्हणजे त्यामुळे भीती कमी झाली. दीडशे यार्डांवर हरीण दिसलं तर आता मनात भांडणच होत नाही. ते माझं नाही.

तसंच उभ्या हरणाचं. ते पूर्ण आडवं असेल, किंवा तोंड थोडं पलीकडे करून तिरकं उभं असेल, तर पुढच्या पायाच्या जरा मागे, फुप्फुसांवर. समोरून नाही, मागून नाही, पळतं नाही, फांद्यांतून नाही. पलीकडे टेकाडाची माती नसून उघडं आकाश असेल तरीही नाही. हे सगळे ‘नाही’ घरी, चहा पिताना ठरवायचे. छाती धडधडत असताना माणूस नवा निर्णय घेऊ शकत नाही, घेतलेला फक्त आठवू शकतो.

बसायच्या जागा किमान दोन हव्यात, एक उत्तरेच्या वाऱ्याची आणि एक दक्षिणेच्या. हरणाला आपलं नारिंगी जाकीट भडक दिसत नाही (त्याला निळा रंग आपल्यापेक्षा ठळक दिसतो, म्हणून निळी जीन्स घरीच ठेवा), पण नाकापुढे आपली काही चालत नाही. उतारावर बसणार असाल तर हेही लक्षात असू द्या की ऊन तापलं की हवा वर चढते आणि संध्याकाळी खाली उतरते. वारा चुकीचा असताना लाडक्या मचाणावर हट्टाने बसणं हा नवशिक्याचा ठरलेला गुन्हा. मी तीनदा केलाय. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्याचं थोडं सांगतो. ऑक्टोबरात त्यात मोठ्या शिंगांचा नर दिसला की माणूस मनात त्याचं बारसंसुद्धा उरकतो. फोटोवरची वेळ बघा. रात्रीचे दोन. त्याने तुम्हाला भेटायचं बंधन घालून घेतलेलं नाही.

आदल्या आठवड्यात मचाणावर चढून-उतरून बघा. मचाण म्हणजे इथे पत्र्याची शिडी आणि वर मांडीएवढी खुर्ची, पंधरा-वीस फुटांवर. अपघात बरेचदा चढता-उतरताना होतात, म्हणून सुरक्षापट्टा जमिनीवर असतानाच दोराला अडकवायचा. बंदूक रिकामी करून दोरीने मागाहून वर ओढायची. मला उंचीची भीती वाटते, हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही आणि दोन्ही वर्षं वर बसून हरणापेक्षा शिडीकडेच जास्त बघितलं. आता मी जमिनीवर, पडलेल्या ओंडक्याआड बसतो. दिसतं कमी, पण जे दिसतं ते शांतपणे दिसतं.

आदल्या रात्री लवकर झोप येणार नाही, ती येत नाहीच, पडून राहा. कपडे: कमरेच्या वर निम्मे तरी भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हा कायदा आहे. गुलाबीची परवानगी २०१६ पासून. जाड जाकीट घालून चालू नका, पाठीला बांधून न्या. चालताना घाम आला की साडेसातला कुडकुडायला लागता, आणि थंडीने सगळ्यात आधी जातो तो धीर. उणे आठ अंशांत ‘आज काही येणार नाही’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा पाय गारठलेले असतात. लोकरी मोज्यांचा दुसरा जोड, खिशात हात शेकायच्या पुड्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा. वासाने हरणं पळतात म्हणून चहा नको, असं सांगणारे भेटतील. बसणाऱ्याचा वास चहापेक्षा लांब जातो. मी चहा सोडलेला नाही.

नोव्हेंबरअखेरीस मॅडिसनकडे सूर्य साधारण सातला उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. दहा तास एकाच जागी बसायचं असं म्हटलं तर पहिल्याच तासाला मन शरण जातं. म्हणून दिवसाचे तुकडे करा. नऊपर्यंत नुसतं ऐकायचं. नऊला अर्धी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. अकरापर्यंत डावी बाजू, झाडामागून झाड, सावकाश. दुपारी बाकीचे शिकारी जेवायला निघतात, त्यांच्या हालचालीने हरणंही उठतात, तेव्हा बसून राहा. फोन सोबत हवा, पण अडचणीपुरता. व्हॉट्सअॅप बंद. शनिवारी सकाळी आठलाच कुणीतरी शिंगं धरून हसतानाचा फोटो टाकतो, आणि आपलं लक्ष समोरच्या झाडीतून उडून त्याच्या शिंगांवर जाऊन बसतं.

आता खरी घडी. पाचोळ्यात खारीची खुडबुड अखंड चालू असते, हरणाचं पाऊल वेगळं: खस्स, थांबणं, खस्स, खस्स. मग झाडांच्या उभ्या रेघांत एक आडवी रेघ दिसते, ती त्याची पाठ. माझे कान गरम होतात, हात थरथरतात, डोळ्यांपुढे बोगदा तयार होतो. इथले लोक याला हरणाचा ताप म्हणतात आणि साठ वर्षं शिकार करणाऱ्यालाही तो येतो. तो येणार हे धरूनच चाला. मी एक पाठ ठरवून ठेवलाय, मनातल्या मनात पुटपुटतो: आडवं आहे? मागे माती आहे? ऐंशीच्या आत आहे? एक लांब श्वास सोडायचा, अर्धा राहू द्यायचा, मग खटका. घरी रिकाम्या बंदुकीने हा पाठ रोज दहा वेळा केलाय, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. एकदा तीनही उत्तरं बरोबर आली आणि तेवढ्यात हरणामागच्या उतारावर नारिंगी ठिपका हलला. बंदूक खाली घेतली. त्या हंगामात मला काहीच मिळालं नाही, पण मी सगळ्यात चांगला झोपलो ती त्या रात्री.

चुकलं तर काय, हे यादीत असलंच पाहिजे. दुसऱ्या वर्षी सोमवारी मी घाईत बार काढला. बर्फावर पांढऱ्या केसांचा पुंजका आणि रक्ताचे पाच-सहा थेंब. पांढरे केस पोटाखालचे, म्हणजे गोळी खाली लागली होती. फेसाळ गुलाबी रक्त असतं तर फुप्फुस, आणि हरीण जवळच सापडतं. आजोबा आले, आम्ही अर्धा तास थांबलो, मग शेवटच्या थेंबावर कागदाचा तुकडा ठेवत ठेवत पुढे गेलो. चार तासांनी माग दलदलीत संपला. मी म्हणालो, “मी आता येणार नाही.” त्यांनी ना समजूत घातली ना शाबासकी दिली. बुधवारी मला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. बंदूक चोख होती. तीन गोळ्या ताटलीत. म्हणजे चूक माझ्या श्वासाची. ती सुधारता येण्यासारखी होती, म्हणून शुक्रवारी परत गेलो. तेव्हापासून माझ्या गाडीत पाच जादा गोळ्या आणि चार कागदी ताटल्या असतात. ‘मला जमेल’ असं शंभरदा म्हणण्यापेक्षा ताटलीतलं भोक बघितलेलं बरं.

मंगळवार-बुधवारचं वेगळं सांगायला हवं. नऊ दिवसांतली निम्म्याच्या आसपास हरणं पहिल्या शनिवार-रविवारीच पडतात. नंतर उरलेली दाट झाडीत शिरतात, अंधारात फिरतात आणि जंगल अगदी रिकामं वाटतं. एक दिवस सुट्टी घ्या, अपराधी न वाटता. गुरुवारी टर्की खा, मुलांबरोबर सिनेमा बघा. शुक्रवारी ताज्या डोळ्यांनी बसाल.

आणि हरीण पडलंच तर? आनंद होईल, आणि त्याच्या शेजारी बसल्यावर घशाशी काहीतरी येईल. दोन्ही येऊ द्या. मग कामाला लागा, कामाने माणूस सावरतो. आतडी लगेच काढायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची. डोकं तपासणीच्या पेटीत टाकायचं, कारण इथल्या हरणांत एक जीवघेणा मेंदूरोग आहे. तो राज्यात पहिल्यांदा सापडल्याचं २००२ मध्ये कळलं, तेही मॅडिसनपासून जवळच. निकाल येईपर्यंत मटण तारीख टाकून फ्रीझरमध्ये. रोग निघाला तर खायचं नाही. या मटणाला चरबी जवळपास नसते, त्यामुळे रस्सा करताना तेल सढळ हाताने घाला आणि मंद आचेवर शिजवा.

शेवटच्या रविवारी अंधार पडला की बंदूक रिकामी, नळी पुसलेली, वही मिटलेली. ज्यांच्या शेतावर बसलो त्या बाईंना फाटकाची किल्ली परत द्यायची असते. हरीण मिळो न मिळो, सोबत दिवाळीच्या चकल्यांचा डबा नेतो. मागच्या वर्षी त्यांनी किल्ली घ्यायच्या आधी डब्याचं झाकण उघडून बघितलं.