टर्बो सी आणि अर्डुइनोवर इंट २ बाइटचा असतो, तेव्हा हिशोब कसा सांभाळायचा

दिवसाचे सेकंद काढायचे म्हणून २४ * ६० * ६० लिहिलं, उत्तर ८६४०० यायला हवं आणि टर्बो सी (सी भाषेचा डॉसवरचा जुना कंपायलर) दाखवतं २०८६४. मग आपण व्हेरिएबल लाँग (४ बाइटचा मोठा पूर्णांक) करतो, तरी २०८६४च! कॉलेजच्या लॅबमध्ये मी यात अख्खं प्रॅक्टिकल घालवलंय, म्हणून नीट सांगतो.

८०८६ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचे रजिस्टर १६ बिटचे, त्यामुळे टर्बो सी मध्ये इंट (पूर्णांकाचा साधा प्रकार) २ बाइटचा, म्हणजे -३२७६८ ते ३२७६७ एवढीच जागा. नवीन लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तरी तेच, कारण साइज कंपायलर ठरवतो. आणि गुणाकार करताना सी बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काय आहे ते बघतच नाही, तिन्ही आकडे इंट म्हणून गुणाकार पण इंटमध्येच होतो, त्यात ६५५३६ गळून जातात आणि उरलेले २०८६४ मग लाँगमध्ये जाऊन बसतात.

उपाय सोपा आहे, पहिल्याच आकड्याला एल लावा, २४एल * ६० * ६०. शेवटच्याला लावलं तर इथे चालून जाईल पण आधीचाच गुणाकार मोठा असेल तर उपयोग नाही. व्हेरिएबल असेल तर आधी तेच लाँगमध्ये कास्ट करा (म्हणजे त्याचा प्रकार बदलून घ्या) आणि मग गुणा, अख्ख्या गुणाकाराला कंस करून कास्ट केलं तर तोपर्यंत उत्तर बिघडलेलं असतं.

आता खरी फसवणूक प्रिंटएफमध्ये (उत्तर छापणारं फंक्शन) आहे. हिशोब बरोबर झाला पण इंट छापायचं परसेंट डी च ठेवलं तर तो लाँगचे खालचे २ बाइटच वाचतो आणि परत तेच २०८६४ छापतो! आपल्याला वाटतं एल लावून काही झालं नाही आणि आपण बरोबर केलेलं पुसून टाकतो. परसेंट एलडी लिहा.

अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर (आर ३ पर्यंतच्या) पण इंट २ बाइटचाच, चिप ८ बिटची असली तरी, कारण सी च्या स्टँडर्डला इंट किमान १६ बिटचा लागतो. तिथे मिलिस ची (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) किंमत इंटमध्ये ठेवली तर साधारण ३३ सेकंदांनी मायनसमध्ये जाते, अनसाइन्ड लाँगच वापरा.

साइज बघायला साइजऑफ छापा, पण हॅश इफ मध्ये (कंपाइल होण्याआधीच तपासली जाणारी अट) साइजऑफ चालत नाही, तिथे लिमिट्स डॉट एच मधलं इंट मॅक्स तपासा. इंट ३२ टी वगैरे नेमक्या बिटांचे प्रकार सी ९९ या स्टँडर्डपासून आले, टर्बो सी त्याच्या आधीचा, त्यामुळे तिथे लाँगवर स्वतःचा टाइपडेफ करून घ्या, म्हणजे त्याला आपलं नाव द्या.