पायथनमध्ये डिक्शनरीच्या आतली डिक्शनरी कशी जोडायची

डिक्शनरी म्हणजे की (नाव) आणि तिची किंमत अशा जोड्या; किंमत स्वतःही डिक्शनरी असू शकते. समजा, मूळ सेटिंगमध्ये 'डेटाबेस' या कीखाली होस्ट (सर्व्हरचा पत्ता) आहे आणि पोर्ट ५४३२. नव्या फाइलीत फक्त पोर्ट ५४३३. इथे डिक्शनरीचं 'अपडेट' (update) वापरलं की होस्ट गायब! ते वरची पातळीच बघतं, आतली डिक्शनरी अख्खी बदलून टाकतं. पायथन ३.९ मध्ये डिक्शनरी जोडायला आलेल्या उभ्या रेघेचंही (|) तेच.

म्हणून स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन लिहा. आधी मूळ डिक्शनरीची 'डीपकॉपी' (आतल्या डिक्शनरींसकट पूर्ण प्रत) घ्या. साध्या 'कॉपी'त आतली डिक्शनरी सामायिक राहते आणि मूळ सेटिंग गुपचूप बदलू शकतं. मग नव्यातली एकेक की घ्या. त्या कीखाली दोन्हीकडे डिक्शनरी असेल तर त्या दोघींवर तेच फंक्शन चालवून आलेलं उत्तर प्रतीत ठेवा, नाहीतर नवी किंमत ठेवा. शेवटी ती प्रत परत द्या.

किंमत लिस्ट (यादी) असेल तर काय, हे आधी ठरवा. जुन्या लिस्टला नवी जोडत गेलात तर तीच फाइल दुसऱ्यांदा वाचताना नोंदी दुबार होतात. सेटिंगसाठी जुनी लिस्ट सरळ नव्याने बदलणंच बरं.