शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झालात? आधी टाचणवही मागा

टॅबच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली तेव्हा बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं. वर्षभरात शाळेतली माझी ओळख 'किल्लीवाल्या मॅडम' एवढीच उरली. चार्जर, विसरलेले पासवर्ड, ऐन वेळी रुसणारा प्रोजेक्टर आणि कुणी रजेवर असलं की ऑफ तास. वर्गात काय शिकवलं जातंय याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. वर्गीकरण, दाखल नोंदवही, देवघेव हे सगळं तुम्हाला येतंच, त्यामुळे थेट माझ्या चुकीवर येते. ती सविस्तर सांगते, कारण ती केली तेव्हा कुणी टोकलं नाही, उलट कौतुक झालं.

आठवीला मी 'इंटरनेटवर शोध कसा घ्यावा' असा स्वतंत्र तास घेतला. स्लाइड बेचाळीस. नेमक्या शब्दसमूहासाठी अवतरणचिन्हं, नको तो शब्द गाळायला वजाचिन्ह, एकाच संकेतस्थळात शोधायची युक्ती, लेखक कोण, तारीख कुठली, काही म्हणून सोडलं नाही. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश. तीन आठवड्यांनी त्याच वर्गाचे ज्वालामुखीवरचे प्रकल्प वाचनालयात ठेवायला आले. चाळले, तर निम्म्याहून जास्त वह्यांत पहिला परिच्छेद अक्षरशः एकच. विकिपीडियावरचा. काहींनी तर वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात असतात ते संदर्भक्रमांकसुद्धा इमानेइतबारे हातानं उतरवले होते.

आधी मुलांचा राग आला. मग प्रकल्पाचा प्रश्न वाचला: 'ज्वालामुखीविषयी माहिती लिहा.' आता यात पोरांनी दुसरं करायचं तरी काय? पहिल्याच पानावर उत्तर तयार असताना अवतरणचिन्हं लावत कोण बसेल? माझा तास एकीकडे, विज्ञानाचा धडा दुसरीकडे. मी शिकवलेलं वापरायची वेळच मुलांवर आली नव्हती, म्हणून ते तीन आठवड्यांत विरून गेलं.

हे पुन्हा सांगते, कारण वाचताना पटतं आणि नवं वर्ष सुरू झालं की आपण परत स्लाइड करायला बसतो. धड्याशी न जोडलेला तंत्रज्ञानाचा तास घेऊ नका. कितीही आग्रह झाला तरी नको. शिक्षक प्रकल्पाचा प्रश्न ठरवत असतात, तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले हवेत. एकदा प्रश्न फळ्यावर गेला की तुमच्या हातात किल्लीच राहते.

मला हे जमायला दुसरं वर्ष उजाडलं. इतिहासाच्या बाईंकडे टाचणवही, म्हणजे शिक्षक येत्या तासांची आखणी लिहितात ती वही, मागितली, त्यांनी आधी संशयानं पाहिलं. (साहजिक आहे, आपली टाचणवही कुणाला दाखवायला आवडते?) रोमन साम्राज्याचा भाग येणार होता आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरावर 'पाँपेईची माहिती लिहा' असा प्रश्न ठरला होता. तो आम्ही बदलून एवढाच ठेवला: 'व्हेसुव्हियसचा उद्रेक नेमका कधी झाला? दोन स्रोतांची उत्तरं वेगळी आली, तर का ते सांगा.'

वाचनालयातल्या जुन्या कोशात इसवी सन ७९, २४ ऑगस्ट. इंटरनेटवर काही ठिकाणी तेच, काही ठिकाणी ऑक्टोबर. वर्गात वादावादी सुरू झाली. ऑगस्टची तारीख उद्रेक स्वतः पाहिलेल्या रोमन लेखकाच्या, धाकट्या प्लिनीच्या पत्रातून आलेली आणि ते पत्र आपल्यापर्यंत हस्तलिखितांच्या नकलांमधून पोचलेलं. ऑक्टोबरच्या बाजूनं २०१८ साली पाँपेईत सापडलेला कोळशानं लिहिलेला मजकूर, ज्यातला दिवस १७ ऑक्टोबर येतो. त्यात साल नाही, हे एका मुलीनंच दाखवून दिलं. म्हणजे वाद पुरता मिटलेला नाही! त्या दिवशी शोधाच्या युक्त्या मी दहा-बारा मिनिटांत सांगितल्या. बेचाळीस स्लाइडपैकी तीनसुद्धा लागल्या नाहीत.

असे प्रश्न सगळ्या विषयांत निघतात. ग्रह नऊ की आठ? तुमच्या कपाटात २००६ च्या, म्हणजे प्लूटो ग्रहांतून वगळला गेला त्याच्या, आधीचं खगोलाचं पुस्तक असेल, तर ते रद्दीत काढू नका, या तासासाठी सोन्यासारखं आहे. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर की २०२० साली जाहीर झालेली ८,८४८.८६? छापील पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवून बघणं, हे शाळेत आपल्याइतकं सहज कुणाला जमणार?

दुव्यांच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. मीही दोनशे दुव्यांचं पान केलं होतं, ते मी सोडून कुणी उघडलं नाही. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं म्हणतं, वाचकाचा वेळ वाचवा. शिक्षकांचा वाचवावाच. मुलांचा मात्र मी थोडा मुद्दाम खर्च होऊ देते.

अनुभवी ग्रंथपाल सांगतील, आधी संगणकीकरण पुरं करा. अर्धंच ऐका. कोहासारखी ग्रंथालयाच्या नोंदींची मुक्त संगणकप्रणाली घ्या, नोंदी जरूर करा, पण सगळी पुस्तकं चढेपर्यंत वर्गात जायचं थांबू नका. मी थांबले आणि एक सत्र गेलं. हो, शीर्षकं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली नोंद पडद्यावर मराठी दिसते, पण शोधली तर सापडत नाही. चित्रांच्या परवान्यांचा घोळ मात्र फार वाटून घेऊ नका. चित्र कुठल्या अटींवर वापरता येईल हे सांगणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणांचा अर्थ मुलांना एका बैठकीत समजतो.

आणि चॅटबॉट. परवा नववीतली एक मुलगी चॅटबॉटनं सुचवलेल्या पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी घेऊन आली. लेखक खरा, पुस्तक मात्र कुठल्याच सूचीत नाही. ती म्हणाली, "मॅडम, मग त्यानं इतकं ठामपणे कसं सांगितलं?" आम्ही दोघींनी अर्धा तास सूच्या धुंडाळल्या. तो अर्धा तास माझ्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा चांगला गेला. प्रमाणपत्रांच्या मागे लागणाऱ्यांनी वाटलं तर माझा राग करावा.

संगणक येत नाही म्हणून घाबरत असाल, तर घाबरू नका. ज्या इतिहासाच्या बाईंकडून मी सगळ्यात जास्त शिकले, त्यांना अजून फाइल जोडून मेल पाठवता येत नाही. ती मी पाठवते. पण पहिल्या वर्षी कुणी टाचणवही देणार नाही, हेही धरून चला. मी चार जणांना विचारलं होतं, एकीनं दिली.

गणिताच्या सरांनी अजून दिलेली नाही. पुढच्या महिन्यात त्यांचा सांख्यिकीचा धडा आहे आणि माझ्याकडे वाचनालयाच्या देवघेवीचे वर्षभराचे आकडे तयार आहेत. सोमवारी मधल्या सुट्टीत परत जाऊन बघते.